अक्कांचं चार वाजताचं खाणं

मी आज दुसऱ्यांना काय खावं, किती खावं हे सांगतो आणि त्यावर माझं घर चालतं, ते अक्काताईंमुळे. त्या कोल्हापुरात आमच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात होत्या. सहा आठवड्यांपूर्वी, एका शनिवारी दुपारी, पुण्यातल्या दवाखान्यात मी एका पेशंटला आहार समजावून सांगत होतो, तेव्हा अक्कांच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला. “दादा, अक्का गेली.” गुरुवारी संध्याकाळी घेरी येऊन त्या मोरीच्या पायरीवर पडल्या, डोक्याला मार लागला, आणि पुन्हा शुद्धीवर आल्याच नाहीत. डॉक्टरांचं म्हणणं, रक्तातली साखर फार खाली गेली होती. मधुमेहाची गोळी घेतलेली आणि दिवसभर पोटात काही नाही... फोन ठेवल्यावर समोरच्या पेशंटला पुढे काय सांगायचं होतं ते मला आठवेना. अक्कांनी काय खावं आणि किती वाजता खावं, ते मीच लिहून दिलं होतं.

मी राधानगरीकडच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बोर्डिंगात सकाळी दहाला जेवण, मग थेट रात्री आठला. प्रॅक्टिकल संपवून चारला परत येईपर्यंत पोटात नुसते कावळे ओरडायचे. बाकीची मुलं फाटकाबाहेरच्या गाड्यावर वडे-भजी खायची आणि पुस्तक उघडलं की पेंगायची. मी नळाला तोंड लावून पोटभर पाणी प्यायचो. पहिल्याच आठवड्यात अक्कांनी ते खिडकीतून पाहिलं. “ओ पावणं, हिकडं या जरा. त्या नळाला दूध येतंय व्हय?” मी म्हणालो, भूक नाही. “तोंड बघ जा आरशात. म्हशीला सुदिक दोन धारांच्या मधी वैरण लागती की. तू तर माणूस हाईस.”

त्यांनी डबा पुढे केला. फुटाणे, भाजके शेंगदाणे आणि वर गुळाचा खडा. त्या घालतील म्हणून मी ओंजळ धरली, तर हातावर चापट बसली. “माझ्या मुठीनं न्हाय. आपल्या मुठीनं घ्यायचं, एकदाच. न्हाईतर रातीला जेवायचा न्हाईस.” हा त्यांचा कायदा होता. पुढे आम्ही सात-आठजण रोज चारला तिथं जमू लागलो. कधी मोडाची मटकी कांदा-लिंबू घालून, कधी काकडी, कधी सकाळची भाकरी ताकात कुस्करून. कुणी म्हणालं, “अक्का, एक दिवस भडंग करा की,” तर उत्तर ठरलेलं, “भडंग पावण्यांना. तुम्ही आता घरची झालासा.” त्या मुठीनं माझं डोकं संध्याकाळी ताजं राहायचं, रात्रीच्या जेवणावर मी तुटून पडत नव्हतो. त्यावेळी मला यातलं काही कळत नव्हतं. नंतर कॉलेजच्या पुस्तकात मधल्या वेळच्या खाण्याचा धडा आला, त्यात डाळी, दाणे, फळ आणि मूठभर प्रमाण असं सगळं लिहिलेलं होतं, तेव्हा मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात पळत गेलो आणि त्यांना वाचून दाखवलं. “मग? माझं बघून लिवलं आसंल कुणीतरी,” त्या म्हणाल्या आणि पोळी उलटली.

मी आहारशास्त्र घेतलं ते त्यांच्यामुळे. वर्गातली मुलं हसायची, सैपाकाची डिग्री म्हणायची. मी रडवेला होऊन अक्कांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “हसू देत. रातच्याला ताट घिऊन माझ्याच दारात येत्यात न्हवं?” पदवी मिळाली तेव्हा वडिलांना कळवायच्या आधी मी त्यांना कळवलं. त्यानंतर त्या मला ‘साहेब’ म्हणू लागल्या. आधी थट्टेनं, मग खरोखरच. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पुढे गुडघे धरले म्हणून त्यांनी बोर्डिंग सोडलं आणि त्या सुनीताकडे राहायला गेल्या. तिथं साखर निघाली. मागच्या दिवाळीत मी भेटायला गेलो तर चहात खारी बुडवून खात बसलेल्या. मी रागावलो. ज्यांनी मला मुठीचं माप शिकवलं त्यांना मी अर्धा तास मापाचं सांगत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “त्वांडी सांगितल्यालं इसरतं रं सायबा. कागदावर लिवून धाड. भित्तीला लावती.”

मी पुण्याला येऊन कागद लिहिला आणि टपालानं पाठवला. त्यांनी तो खरंच भिंतीला लावला. शेजारणींना दाखवायच्या, आमच्या सायबाचं हाय म्हणायच्या. त्याबरहुकूम त्या चार महिने खात होत्या.

मी विसरलो ते एवढंच, की अक्का गुरुवार धरायच्या. नृसिंहवाडीच्या दत्ताचा उपवास, लग्नाआधीपासूनचा. मला ठाऊक नव्हतं असंही मला म्हणता येत नाही. बोर्डिंगात तीन वर्षं गुरुवारची आमटी कधी अळणी, कधी खारट असायची, कारण त्या दिवशी अक्का मीठ बघायला थेंबभरही जिभेवर ठेवायच्या नाहीत. आम्ही त्यावरून त्यांना चिडवायचो. म्हणजे मला ते माहीत होतं, आणि कागद लिहिताना माझ्या डोक्यात फक्त पुस्तक होतं.

दिवसकार्याला गेलो तेव्हा सुनीतानं सांगितलं. “आदी गुरवारी सकाळी वाटीभर साबुदाणा खायाची, चारला एक केळं, न्हाईतर उकडल्याल्या शेंगा. तुमचा कागद आला आन् समदं बंद केलं. म्हणाली, सायबानं केळं आन् साबुदाणा नगं म्हणून लिवलंय. शेंगा कागदात न्हाईत. आन् फुटाणं, मटकी उपासाला चालत न्हाय. मग नुसतं पाणी प्यायाची.” गोळी मात्र चुकवायच्या नाहीत. “मी म्हटलं, दादाला फोन लावून इचारूया. तर म्हणाली, कशाला त्येच्या कामात? शिकल्याल्या माणसानं लिवलंय, इचार करूनच लिवलं आसंल.” मग म्हणाली, “तुमचा काय दोष न्हाय, दादा.”

सगळे हेच म्हणतात. डॉक्टर मित्र म्हणतो, गोळी बदलायला हवी होती. बायको म्हणते, वय झालं होतं. आता मी पेशंटला पहिला प्रश्न विचारतो तो उपवासाचा, कोणता वार धरता म्हणून. विचारतो आणि लिहून घेतो. त्यानं मला काही बरं वाटत नाही... माझ्या शिक्षणाचा ज्यांना सगळ्यात जास्त अभिमान होता, त्यांना त्याच शिक्षणानं उपाशी ठेवलं. हे पुसण्याचा उपाय मला सापडलेला नाही, सापडेल असं वाटतही नाही.

निघताना सुनीतानं तो कागद काढून माझ्या हातात दिला. पुस्तकाप्रमाणे त्यातली एकही ओळ चूक नाही.

“तीर्थस्वरूप अक्कांस,

दिनकरचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे लिहून पाठवतो आहे. सुनीताला वाचून दाखवायला सांगा, अक्षर मोठं काढलं आहे.

सकाळी साडेसातला गोळी, चुकवायची नाही. आठला एक भाकरी आणि पालेभाजी. अकराला वाटीभर मोडाची मटकी. दीडला जेवण, भात कमी. चारला आपल्या मुठीनं एक मूठ फुटाणे, गूळ नको. रात्री आठला जेवण. केळं, साबुदाणा, बटाटा, खारी बंद. लिहिलेलं सोडून मधे दुसरं काही खाऊ नका.

यात माझं स्वतःचं काही नाही अक्का, तुम्हीच शिकवलेलं तुम्हाला परत लिहितो आहे. तब्येतीला जपा.

तुमचा,
दिनकर

ता. क. वेगवेगळ्या वारांचं वेगवेगळं ठेवलेलं नाही. सगळ्या दिवसांना एकच आहे, म्हणजे तुम्हाला लक्षात ठेवायला सोपं जाईल.”