साती आसरांची ओटी

सासूबाईंनी भात सोडला होता. त्या मूळच्या घोटीच्या, भातशेतीच्या मुलखातल्या. भात म्हणजे पोळीनंतरचे दोन घास, असं ज्यांना वाटतं त्यांना यातलं काही कळायचं नाही. माझ्या लेकीचं बाळ वेळेआधी जन्मलं, त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, तेव्हा त्या नवस बोलल्या होत्या: बाळ सुखरूप घरी आलं की त्र्यंबकच्या पलीकडच्या धबधब्यावर साती आसरांची ओटी भरेन, तोवर भाताला शिवणार नाही. पाण्यात राहणाऱ्या या सात देवींवर त्यांचा माहेरापासूनचा विश्वास. बाळ घरी आलं, बाळसं धरू लागलं. सासूबाई मात्र वाळत चालल्या. भाकरी चाववेना, पोळी घशाखाली उतरेना.

मी शुक्रवार ठरवून रजा टाकली. लेक आणि सासरे बाळाजवळ थांबणार होते. छत्री, गोळ्या, गुडघ्याचा पट्टा, कोरडी साडी, थर्मास. खण, नारळ, तांदूळ, बांगड्या वेगळ्या पिशवीत. सगळं यादीप्रमाणे. तिथे आता काय चालतं आणि काय नाही, हे विचारायचं तेवढं सुचलं नाही. लग्नानंतर गेले होते तेव्हा विचारायला तिथे कुणी नव्हतंच.

आता कमान होती, तिकीटखिडकी होती, ‘संरक्षित नैसर्गिक स्थळ’ असा फलक होता. डोहाकडे उतरणारी वाट लोखंडी कठड्याने बंद. मला ते पटलंही. बुडाल्याच्या बातम्या मीही वाचल्या होत्या. कठड्यापाशी खाकी शर्टावर उघडा रेनकोट घातलेली, गळ्यात शिट्टी अडकवलेली एक मुलगी उभी होती. गावातलीच असावी.

“आजी, खाली नाय जायचं. नारळ, खण पाण्यात नाय टाकायचा.”

“मी पोहायला नाही आले गं. आसरांना भेटून येते.”

“भेटायला गेलेले लय जण आम्हीच वर काढलेत.”

ढग खाली उतरत होते. धुक्यात गाडी चालवायची मला धास्ती. “आई, गोदाघाटावर भरू या का ओटी? पाणी ते पाणीच.”

“एकीला बोललेला नवस तिच्या शेजारणीकडे फेडतात का?” त्या ओल्या दगडावर बसल्या. कठड्यापर्यंत तुषार येत होते, त्यांचा चष्मा पांढरा झाला होता. मी फलकापर्यंत जाऊन परत आले. पुन्हा गेले. नियम तेच होते.

परतले तेव्हा सासूबाई त्या मुलीला विचारत होत्या, “लग्न झालंय का तुझं?”

“नाय. स्थळ आणलंय का? नोकरीवाला पाहिजे, आधीच सांगते.”

“रोज इथेच असतेस?”

“पावसाळाभर. अंगावर शेवाळ यायचं बाकी हाय.”

“मग पदर पसर. आसराही कुंवारच. पाण्यापाशी उभी आहेस, तूच घे त्यांच्या वतीनं.”

मुलीचं हसू थांबलं. तिने हात शर्टाला पुसले आणि अंगातला रेनकोट काढून त्याचा घोळ दोन्ही हातांनी पुढे धरला. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, ओंजळीने तांदूळ घातले, खण, बांगड्या, नारळ ठेवला. तिने वाकून नमस्कार केला.

“नारळ घरी जाऊन फोडते हां आजी. इथे फोडला तर दंड मलाच.”

परतीच्या वाटेवर सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. नवस फिटला का, हे विचारायला माझी जीभ रेटेना. विचारलं आणि त्या ‘नाही’ म्हणाल्या तर? वायपर फिरत राहिले. धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून मी चालवत राहिले.

घरी येऊन भाकऱ्या थापल्या, थोडा भातही टाकला. ताटात दोन्ही वाढलं आणि पाठ करून स्वच्छच असलेला ओटा पुसत राहिले.

“तांदूळ नवा घेतलास ना? गोळा झालाय नुसता.”

वळून पाहिलं. त्या वरण कालवत होत्या. “हो आई, नवाच,” म्हटलं, आणि आणखी भात वाढला.