शेजारच्या वर्गातले सर

‘‘बघून सांगतो,’’ असं म्हणून ते चष्मा काढायचे आणि कोट नसला तरी कोटाच्या खिशात ठेवायला जायचे. मुलांनी काहीही विचारलं की पहिलं उत्तर हेच. आणि बाकीच्यांसारखे ते विसरून जात नसत. खरोखरच बघून यायचे.

फरीदाबादच्या आमच्या शाळेत ते सातवी-आठवीला मूल्यशिक्षण शिकवायचे. निरनिराळ्या धर्मांतली माणसं बरंवाईट कशाला म्हणतात, असा तो विषय. मी गणित शिकवते. नवऱ्याची नोकरी मानेसरला म्हणून पुण्याहून आलेली. आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये प्लायवूडची भिंत होती. तिच्यातून त्यांचा तास मला पहिल्या बाकावर बसल्यासारखा ऐकू यायचा.

त्यांच्या घराण्याची दिल्लीत तिसरी पिढी, करोल बागेत घर. मराठी बोलताना मधेच ‘बिल्कुल’ आणि ‘अच्छा’ यायचं. शाळेत मराठी आम्ही दोघंच, त्यामुळे डबाही एकत्र खायचो.

एकदा वर्गातला जैन मुलगा म्हणाला, आमच्याकडे बटाटा खात नाहीत. मुलं हसली. का नाही खात, असं कुणीतरी विचारलं. सरांनी पुस्तकातलं कारण सांगितलं असतं तर भागलं असतं. त्याऐवजी त्यांनी महिनाभर बटाटा सोडला. दिल्लीत हे सोपं नाही. पराठ्यात बटाटा, समोस्यात बटाटा, छोल्यांतसुद्धा एखादी फोड निघतेच. महिन्याने त्यांनी वर्गाला सांगितलं, की कष्ट फारसे पडले नाहीत. पण आपण काहीतरी ठरवलंय याची दिवसातून चारदा आठवण होते, बहुधा तीच खरी गोष्ट असावी. प्लायवूडच्या अलीकडे मी फळ्यावरचं समीकरण अर्धवट सोडून ऐकत होते.

मग त्यांनी एक रोजा धरला. दुपारी दोनला सवयीने कूलरपाशी गेले आणि ग्लासभर पाणी पिऊन मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी हे त्यांनी वर्गात स्वतःच सांगितलं आणि विचारलं, मोडला का माझा रोजा? मुलांमध्ये जोरात वाद झाला. त्या वर्गात एक मुसलमान मुलगी होती, वडील कारखान्यात मशीनवर. वर्षभर तिने तोंड उघडलं नव्हतं. पुढच्या तासाला ती घरी विचारून आली आणि तिने हात वर केला. म्हणाली, ‘‘भूलकर पिया तो नहीं टूटता, सर.’’ विसरण्यालाही जागा ठेवलेली असते, याचं मुलांना फार नवल वाटलं. ती मुलगी नंतर कधी गप्प बसली नाही. मग मॉनिटर झाली आणि माझ्याही वर्गात सगळ्यांना दटावायला लागली.

पण त्या रोज्याची बातमी घरोघर गेली. एका मुलाच्या वडिलांनी तक्रार केली: हे मास्तर रोजे धरतात, उद्या माझा मुलगा धरेल. माणूस तसा वाईट नव्हता, घाबरलेला होता. मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना आणि त्यांना समोरासमोर बसवलं आणि शेजारचा वर्ग म्हणून मलाही बोलावलं. तासात नेमकं काय चालतं, तुम्हाला ऐकू येत असेल ना, असं बाईंनी मला विचारलं.

मी म्हणाले, ‘‘नाही. नीट ऐकू येत नाही.’’

का म्हणाले? माझी नोकरी कायम झालेली नव्हती. दुसरं कारण नाही.

सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते त्या वडिलांना म्हणाले, उद्या एक तास येऊन बसा, नंतर तुम्ही म्हणाल ते.

ते खरंच आले. शेवटच्या बाकावर गुडघे आखडून बसलेले मला जाताना दारातून दिसले. तास होता माफीचा. आपल्या घरी माफी कशी मागतात, हे मुलं विचारून आली होती. जैन मुलाने सांगितलं, आम्ही वर्षातून एकदा सगळ्यांना हात जोडतो, ड्रायव्हरकाकांनासुद्धा. ती मुलगी म्हणाली, ज्याचं मन दुखवलं आधी त्याच्याकडे जायचं, त्याने माफ केल्याशिवाय वरूनही माफी मिळत नाही. सर एकेक फळ्यावर लिहीत गेले आणि मग मागे वळून त्यांनी त्या वडिलांना विचारलं, ‘‘और आपके यहाँ?’’

ते म्हणाले, ‘‘हमारे यहाँ कोई माँगता नहीं. जिसकी ग़लती हो, वो आकर कहता है, चलो, खाना खा लो.’’

‘‘और पापा पनीर लाते हैं,’’ त्यांचा मुलगा म्हणाला. वर्ग हसला. वडीलही हसले. सरांना इतका आनंद झाला, की खडूचा आवाज मला भिंतीच्या अलीकडे ऐकू आला. तेही उत्तर त्यांनी बाकीच्यांच्या ओळीत लिहून घेतलं.

तक्रार मागे घेतली गेली. पण पुढच्या वर्षी वेळापत्रकात तो तास कॉम्प्युटरला गेला आणि कंत्राटावरच्या सरांना पुन्हा बोलावलं नाही. शाळेतून जाईपर्यंत ते रोज माझ्यासोबत डबा खात होते आणि त्या दिवसाबद्दल एका शब्दाने काही बोलले नाहीत. ते मला जास्त जड गेलं.

शेवटी मीच मेट्रोने करोल बागेत गेले. गाड्यांच्या सीट कव्हरच्या दुकानावर त्यांचं घर. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा मी म्हणाले, ‘‘सर, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला सगळं ऐकू यायचं.’’

‘‘माहीत आहे. मी काही चुकीचं सांगितलं, की तुमचा खडू थांबायचा.’’ मग त्यांनी विचारलं, हे सांगायला इतके महिने का लागले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

‘‘तुम्ही रागावला नाहीत म्हणून,’’ मी म्हणाले. ‘‘रागावला असतात तर लगेच आले असते.’’

‘‘अच्छा,’’ म्हणत त्यांनी चष्मा काढला. ‘‘हे माझ्या लक्षात नव्हतं आलं.’’ मग हळूच म्हणाले, ‘‘मला एकदा असंच कुणाला सांगायला अकरा वर्षं लागली होती.’’

तेवढ्यात चहा आला आणि विषय तिथेच राहिला.

त्या हिवाळ्यात सर वारले. मी भेटायला गेले तेव्हा बाहेरची खोली भरलेली होती. वृद्ध मोठे भाऊ, एक शीख शेजारी, कॉलेजातले दोन मित्र, कोपऱ्यात डोकं झाकून बसलेली एक बाई. मी वहिनींजवळ बसले होते आणि एकेका चेहऱ्याकडे बघत होते. यांच्यातल्या कुणापाशी पोचायला त्यांना अकरा वर्षं लागली असतील?