बरगीच्या पाण्याची कड

अकरा वर्षं प्रणोती बरगी धरणाच्या पाण्याची कड आखते आहे. पाणी मात्र तिनं एकदाही पाहिलेलं नाही. शहरातल्या सदर भागातल्या कार्यालयात दर महिन्याला उपग्रहाचं चित्र येतं, ती त्यावर काठाकाठानं निळी रेघ ओढते. पावसाळ्यात रेघ फुगते, नंतर मागे मागे सरकते. उघडी पडलेली जमीन गावकऱ्यांना हंगामापुरती पेरायला मिळते. जागेवर जायचं काम सहकारी अनुपमचं. प्रणोती कुठे जाणार? नवरा रेल्वेत, इटारसीला. अधारतालच्या घरी सासरे, नीलकंठराव, अंथरुणावर. त्यांच्यापाशी शेजारीण बसते, तीही दोनपर्यंतच.

डिसेंबरअखेर, एका शनिवारी, काठच्या गावातली बेबीबाई कार्यालयात आली.

"दीदी, मेरा खेत पानी में लिख दिया. उसमें तो गेहूँ खड़ा है."

प्रणोतीनं चित्र उघडलं. "चार तारखेला काय केलं होतं शेतात?"

"पंप से पानी लगाया था, बोनी के लिए."

पेरणीसाठी दिलेलं पाणी, आणि चित्र नेमकं त्याच दिवसाचं. भिजलेली काळी माती वरून पाण्यासारखीच दिसते. पाणी उतरतंय आणि रेघ पुढे सरकली, हे तिला कळायला हवं होतं.

विभागप्रमुख शरयूताई म्हणाल्या, "प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय रेघ बदलत नाही. अनुपम पाटनला गेलाय. सोमवारी यादी बंद, मग तिची जमीन गेली. उद्या तूच जाऊन ये ना."

रविवारी शेजारीण नसते. त्याच संध्याकाळी प्रणोतीनं सासऱ्यांना विचारलं, "बाबा, उद्या दोन-चार तास एकटे राहाल?"

"राहीन ना. मी कुठे पळून राहिलो?" ते हसले. मग हळूच, "दोन का चार, बेटा?"

"कुठे नाही जात, बाबा."

रविवारी बेबीबाईनं शेतातून व्हिडिओ कॉल लावला. वीतभर गहू. पलीकडे, बरंच खाली, पाणी.

"और दिखाऊँ, दीदी?"

"थोडा वेळ तिथंच धर."

आतून नीलकंठरावांनी हाक मारली. पाणी हवं होतं.

सोमवारी तिनं रेघ मागे घेतली, अर्जावर 'प्रत्यक्ष पाहिलं' लिहून सही केली. शरयूताईंनी शिक्का मारला.

"अच्छा, गेली होतीस तर. मी उगाच समजत होते, तुला जमत नाही. चलो, पुढच्या महिन्यापासून दर वेळी तूच जात जा."

प्रणोती उभीच राहिली. सहीची शाई अजून ओली होती.

"का गं, काही अडचण?"

"नाही, मॅडम."