शिंगराला पहिला हात

घोडेगावच्या बाजारातून आणलेली आमची घोडी वरातींना जायची. बहात्तरच्या दुष्काळाआधी ती व्याली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी शिंगराच्या अंगावरून हात फिरवला. चुलते खेकसले, “लाडावू नको पोरी! तीन वर्साचं झालं की दोरानं सरळ करू.” त्यांनी मला पुन्हा त्याच्याजवळ फिरकू दिलं नाही.

तीन वर्षांनी चौघांनी त्याला दोरानं जमिनीवर पाडलं, पाय बांधले आणि वाजंत्रीची सवय लागावी म्हणून कानाशी हलगी बडवली. आठवडाभर रोज हेच. डोंबलाची सवय!

पहिल्याच वरातीत नवरदेव वर बसला, हलगी कडाडली आणि घोडं थरथरत आपणहून जमिनीवर आडवं झालं. चुलत्यांनी चाबूक उचलला. शिकवलं तेवढंच त्यानं केलं होतं, आणि मारही त्यालाच.