ओटिलीने लावलेला क्रम

ओहायो नदीच्या काठी, कॅल्डर्स लँडिंग नावाच्या गावी, जिल्हा न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावर ओटिली क्राउस हिने एकतीस वर्षे टंकलेखन केले. नदीकाठचे साक्षीदार मोठे विलक्षण. चोरलेल्या घोड्याविषयी विचारावे, तर ते आजोबांच्या लग्नापासून आरंभ करीत आणि घोडा शेवटी निसटता उल्लेखून खाली बसत. तो सारा शब्दसंभार टिपून, निवडून, तारीखवार लावून न्यायाधीशांपुढे ठेवणे हे ओटिलीचे काम होते. वृद्ध न्यायाधीश पेटिबोन एकदा भर कचेरीत म्हणाले होते, "ओटिली, सृष्टीचे सहा दिवस देवाने तुझ्यापुढे उलटेपालटे टाकले असते ना, तरी दुपारच्या आत तू ते ओळीने लावून दिले असतेस." त्या अविवाहित, मितभाषी स्त्रीने हे एक वाक्य अलंकारासारखे जपले होते. पुढे तोच अलंकार तिच्या गळ्याला रुतला.

त्याच गावात वेल्मा थॅचर राहत असे. तिचा नवरा नदीवर उतारू नेणाऱ्या नावेचा तांडेल होता आणि मोठ्या पुरात बुडाला. त्यापूर्वी ती शेतकऱ्यांच्या साप्ताहिकांतून गोड शेवटाच्या कथा लिही. पुरानंतर त्या तिने सोडल्या आणि सात वर्षे एकच कादंबरी लिहीत बसली. गावातल्या बायका म्हणत, "पुस्तक काही शिजत नाही, आणि हिच्याकडे जेवायला जावं तर बटाटेही कच्चेच!" त्या काळी अमेरिकेत काही मोजकी माणसे काळाची सरळ रेषा मोडून, मन जसे आठवते तसे लिहू लागली होती. वेल्मा त्यांच्यातली एक होती. गावाला याचा पत्ता नव्हता. तिला स्वतःलाही तो अर्धाच होता.

मार्च महिन्यातल्या एका दुपारी ती पीचच्या फळांची जुनी टोपली घेऊन ओटिलीच्या दारात उभी राहिली. टोपलीत हस्तलिखिताची अठ्ठावीस पुडकी होती, एका लांब निळ्या सुतळीत एकापाठोपाठ एक ओवलेली.

"जशी आहेत तशी टाइप कर आणि परस्पर न्यूयॉर्कच्या प्रकाशकाकडे पाठव; पुस्तकाबद्दल मी त्यांना पत्र लिहिलंय," वेल्मा म्हणाली. "परवा सिनसिनाटीला माझं ऑपरेशन आहे. पानांवर आकडे घालायचे राहिले."

"आणि उत्तर आलं तर?"

"तूच फोड. मी उरले, तर वाचेन."

"काय हे अभद्र बोलणं, मिसेस थॅचर!"

"अगं, रडायचं ते डॉक्टरपुढे रडून झालं. तुझ्यापुढे तरी हसू दे."

ओटिलीने पहिले पुडके उघडले. त्यात तांडेलाचे प्रेत सापडत होते. दुसऱ्यात तोच तांडेल तरुण होऊन मागणी घालीत होता. चौथ्यात पुन्हा बुडत होता. सातव्यात त्याची मुलगी जन्मत होती. प्रत्येक ठिकाणी ओटिलीच्या जिभेने टाळूला लागून "च्च" केले. तिला वाटले, बिचारीने आजारपणाच्या घाईत पुडकी हाताला येतील तशी ओवली. तिला मनापासून दया आली. हेही नोंदवले पाहिजे, कारण दयेने केलेल्या अपराधाची लाज अधिक काळ टिकते. तिने सुतळी कापली आणि चुलीत टाकली. चार रविवारी चर्चमधल्या गायनाला न जाता तिने पुडकी तारीखवार लावली: आधी मागणी, मग लग्न, मग मूल, मग पूर, मग प्रेत. शेवटी एक पुडके उरले. त्यात विधवा नवऱ्याचे चिखलाने भरलेले बूट धुऊन पायरीवर वाळत ठेवते. तारखेने ते अगदी शेवटचे, म्हणून ते शेवटी गेले. टंकित प्रत सुबक झाली. ओटिली स्वतःवर प्रसन्न होती.

मे महिन्यात टंकित प्रत परत आली, सोबत उत्तर. संपादकाने लिहिले होते: "आपल्या पत्रावरून आम्ही नदीची अपेक्षा केली होती, आला तो कालवा. मजकूर स्वच्छ आहे, पण अशा पूरकथा आमच्याकडे टोपल्यांनी येतात. आपण वर्णन केलेली ती वळणे कुठे गेली, कळत नाही."

ओटिली ते पत्र हातात धरून पायरीवर बसली. वळणे कुठे गेली, हे त्या विशाल देशात एका तिलाच ठाऊक होते.

वेल्मा बरी होऊन परतली होती. ओटिली तिच्याकडे गेली, आणि तिच्या तोंडून निघाले, "नाही म्हणाले."

"का?"

"कारण काही लिहिलं नाही."

वेल्माने खिडकी लावून घेतली. "म्हणजे गावच्या बायका बरोबर होत्या. ती बाडं तुझ्याकडेच असू दे. घरात नकोत मला."

दुसऱ्या सोमवारपासून वेल्मा फळे डबाबंद करण्याच्या कारखान्यात टोमॅटो सोलायला जाऊ लागली. दोन वर्षे तिने एक ओळ लिहिली नाही.

संस्कृतात लज्जेची दोन नावे वेगळी राखली आहेत. लोकांच्या नजरेने वाटते ती अपत्रपा, आणि कोणी पाहत नसताना आपलीच आपल्याला वाटते ती ह्री. ओटिलीला पहिली वाटण्याचे कारण नव्हते. कोणाला काही माहीतच नव्हते. दुसरी मात्र तिच्या कचेरीत तिच्या आधी येऊन बसे. न्यायाधीशांनी "वा, ओटिली!" म्हटले की तिच्या कानांच्या पाळ्या तापत. चर्चमध्ये बुधवारी ज्याने त्याने उठून आपल्या मनातले सांगण्याचा प्रघात होता. एका बुधवारी ती उठली. समोर तिसऱ्या बाकावर वेल्मा होती, टोमॅटोच्या आंबट रसाने बोटांना भेगा पडलेली. ओटिली म्हणाली, "सगळ्यांबद्दल देवाचे आभार," आणि बसली. त्या भित्रेपणाची लाज पहिल्या लाजेवर चढली. दुसऱ्या दिवशी टोपली काखोटीला मारून तिने वेल्माचे स्वयंपाकघर गाठले.

"मिसेस थॅचर, एकोणीस मार्चला तुम्ही मला पुडकी दिलीत. वीस तारखेला मी सुतळी कापली. एकवीस तारखेला—"

"थांब, थांब! कोर्टात आहेस का?"

ओटिलीने सगळे सांगितले, संपादकाच्या पत्रासह. वेल्माने पत्र वाचले. मग टंकित प्रतीची पाने उलटली, एक, दहा, शंभर. चुलीवरची कॉफी उतू गेली तरी कोणी उठले नाही.

"दोन वर्षं," वेल्मा म्हणाली. "दोन वर्षं मी समजत होते की मला लिहिता येत नाही."

"हो."

"आणि तू रोज समोरून जात होतीस. गुड मॉर्निंग म्हणत होतीस."

"हो."

"तोंडात दुसरा शब्द नाही का तुझ्या?"

वेल्मा उठली, भांडे उतरवले, पुसले. तिने पाठमोरीच विचारले, "सुतळी?"

"जाळली."

"मलाही आता तो क्रम आठवत नाही. ऑपरेशनच्या औषधानं डोकं धुऊन नेलं." मग ती वळली. "पण तुला आठवत असेल. कुठे कुठे राग आला होता तुला?"

"राग?"

"अगं, जिथे जिथे तुला वाटलं की बाईला काही कळत नाही, ती जागा. प्रेतानंतर काय आलं, ज्याचा तुला संताप झाला?"

"मागणी," ओटिली पुटपुटली. "मी च्च केलं होतं."

"कर पुन्हा."

तो सगळा उन्हाळा दोघी त्या टेबलाशी बसल्या. जिथे ओटिलीचे "च्च" आठवले, तिथे दोन पुडकी जुळली. आपल्या अडाणीपणाची एकेक खूण तोंडाने उच्चारून दाखवावी लागणे, यापरते प्रायश्चित्त कोणत्या स्मृतिकाराने सांगितले असते? सत्तावीस पुडकी लागली. उरले बुटांचे. तिथे ओटिलीची जीभ कधी वाजली नव्हती.

"तू सांग, कुठे?"

"मला नका विचारू."

"मग कोणाला विचारू? पेटिबोनला?"

"शेवटी," ओटिली खालमानेने म्हणाली. "तारखेने ते शेवटी येतं."

वेल्माने ते शेवटी ठेवले.

पुस्तक दुसऱ्या एका प्रकाशकाने काढले आणि सहाशे प्रती खपल्या. वेल्माने आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या. ओटिलीने त्या जशाच्या तशा टाइप केल्या. वेल्मा गेल्यावर विद्यापीठांनी तिला शोधून काढले. जाणत्यांनी एकमुखाने लिहिले की कादंबरीचा शेवट, पायरीवर वाळणारे बूट, ही तिच्या प्रतिभेची परमावधी होय. गावातले लोक रस्त्यात थांबवून म्हणत, "ओटिली, टाइप तूच केलंस ना? धन्य आहेस!" ती चष्मा पुसत पुढे जाई.

ओटिली चौऱ्याहत्तर वर्षांची असताना एक तरुण संशोधिका तिच्या दारी आली. वही उघडून तिने अतिशय आदराने विचारले, "मिस क्राउस, त्या शेवटाबद्दल थॅचरबाई कधी काही बोलल्या होत्या? तो कसा सुचला त्यांना?"

ओटिलीचे कान तापले. एकोणीस मार्च ही तारीख जिभेवर आली, पण ती तिने गिळली.

"सुतळी मी जाळली," ती म्हणाली. "ते आधी लिहून घ्या. बाकीचं आठवेल तसं सांगते."