हेल्मी कांगासची एकच लाइन

हेल्मी कांगासच्या दुकानात कॉफी फुकट मिळायची, पण ती दुसऱ्या पाण्याची. सकाळी स्वतःसाठी केलेल्या कॉफीचा चोथा ती नऊ वाजता पुन्हा उकळायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात कप देताना वर ऐकवायची, "पहिली फार कडू असते." आमच्या गावात निम्मी माणसं फिनलंडहून आलेल्यांची नातवंडं आहेत, म्हणजे काटकसर कुणाला शिकवावी लागत नाही. तरी हेल्मीचं नाव निघालं की चिकट माणसंसुद्धा हात टेकायची.

दुकान तिच्या बापाचं. लाकूडतोड्यांच्या मशिनी करवती, त्यांच्या साखळ्या, बर्फ उडवणाऱ्या यंत्रांचे पट्टे असला माल. मिशिगनच्या वरच्या टोकाला, जिथे नोव्हेंबर ते एप्रिल बर्फ उपसायचं फावडं दाराशीच असतं, तिथे हे दुकान बरं चालायचं. हेल्मी मागच्या दोन खोल्यांत राहायची. लग्न केलं नव्हतं. वय अठ्ठावन्न. नजर अशी की गिऱ्हाईक उधारीचा शब्द तोंडातच ठेवायचं.

शहाण्णव साली तिच्या दुकानाला तीन टेलिफोन लाइनी होत्या. एक बोलायला, एक घाऊक व्यापाऱ्याला फॅक्स करायला आणि तिसरी कार्ड घासायच्या यंत्राला. दर महिन्याला बिल आलं की ती दिवसभर धुसफुसायची. "तोंड एक आणि लाइनी तीन. दोन काय भिंतीशी बोलतात?"

जानेवारीत ट्रेवार्था नावाचा माणूस दुकानात आला. पूर्वी टेलिफोनच्या खांबांवर चढायचा, आता पेट्या विकायचा. वहीएवढी काळी पेटी त्याने गल्ल्यावर ठेवली.

"बाई, दोन लाइनी बंद करून टाका. एकीवर सगळं चालेल."

"आणि फॅक्स आला की मी शिट्टी ऐकत बसू?"

"नाही ना. फोन आला की आधी ही पेटी उचलणार, गुपचूप. पलीकडून फॅक्सची शिट्टी आली तर फॅक्सला देणार, नाहीतर चार-पाच सेकंदांनी तुमचा फोन वाजवणार. फोन करणाऱ्याला पत्ता लागत नाही. त्याला आपली घंटी वाजतेय असंच ऐकू येत राहतं."

"महिन्याला किती वाचतील?"

"शहात्तर डॉलर."

हेल्मीने मनात बारा महिन्यांचा गुणाकार केला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. पेटी लावता लावता ट्रेवार्थाने विचारलं, "या लाइनीवर काय काय येतं तुमच्या? बोलणं, फॅक्स, कार्ड. अजून काही?"

"अजून काय येणार," हेल्मी म्हणाली.

खोटं बोलली असं नाही. रोज सकाळी सात वाजता येणाऱ्या दोन घंट्या तिच्या हिशेबी फोन नव्हताच.

त्या घंट्या तिच्या भावाच्या. वाल्फ्रिड तिच्याहून दोन वर्षांनी लहान. बापानंतर दोघं मिळून दुकान चालवायची. अकरा वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक नवी साखळी घ्यायला आलं, हेल्मी ती काढून देत होती, आणि वाल्फ्रिड मागून म्हणाला, "नवी कशाला घेतोस, जुनीला धार लावून देतो." गिऱ्हाईक गेल्यावर हेल्मी त्याला म्हणाली, "मग दुकान तूच चालव." त्याने अंगावरचा एप्रन काढून खिळ्याला लावला आणि चाळीस मैलांवर पर्च तळ्याकाठी बापाची लाकडी झोपडी होती तिथे राहायला गेला. तेव्हापासून एकमेकांशी अक्षर नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता.

पहिल्याच हिवाळ्यात तळ्यावरचा एक एकटा म्हातारा आपल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोलीत मेला आणि नऊ दिवसांनी सापडला. चर्चचे पास्टर मग दोघांकडे वेगवेगळे जाऊन आले. म्हणाले, बोलू नका हवं तर, पण निदान जिवंत आहात एवढं तरी कळवा. तोडगा निघाला तो आमच्याकडचाच होता. लांबच्या फोनला मिनिटाचे पैसे पडतात, पण समोरच्याने उचललाच नाही तर एक सेंटही पडत नाही. म्हणून गावातला जो तो मुक्कामाला पोचला की घरी दोन घंट्या देऊन फोन ठेवायचा. तसंच ठरलं. वाल्फ्रिडने सकाळी सातला दोन घंट्या द्यायच्या: जिवंत आहे. हेल्मीने लगेच एक उलट द्यायची: ऐकलं. लागोपाठ दोन सकाळी काही आलं नाही तर शेरीफला, म्हणजे पोलिसांना, कळवायचं. अकरा वर्षांत एकदाही खंड पडला नव्हता. घड्याळ मागे पडलं तर हेल्मी वाल्फ्रिडच्या घंट्यांवर लावून घ्यायची.

पेटी सोमवारी बसली. मंगळवारी सकाळी सातला हेल्मी कॉफी घेऊन फोनजवळ उभी राहिली. फोन वाजला नाही.

सात पाच झाले, सात दहा झाले. तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला. आवाज व्यवस्थित येत होता. ठेवला. पुन्हा उचलला. मग तिच्या लक्षात आलं की आपण उचलून बघतोय तेवढ्यात त्याने लावला तर त्याला लाइन गुंतलेली लागेल, म्हणून हात मागे बांधून उभी राहिली. तिकडे बर्फाने तार तुटली असेल. घड्याळ बंद पडलं असेल. त्याला फोन करावा असं मनात आलं आणि तिथेच थांबलं, कारण त्याने उचलला तर पहिला शब्द तिचा झाला असता, अकरा वर्षांनंतर.

त्या दिवशी पेटीने मात्र नाव काढलं. फॅक्स आले, कार्डं घासली गेली, सगळं एका लाइनीवर. एरवी हेल्मी खुशीत गुणगुणली असती. पण तिचा जीव कशात लागेना. करवतीच्या वीस इंची पट्टीवर तिने अठरा इंची साखळी बांधून दिली, व्यापाऱ्याला एकच मागणी दोनदा पाठवली, आणि दर पाच मिनिटांनी फोनकडे बघत राहिली.

ओन्नी मत्तिला कोपऱ्यात बसून दुसऱ्या पाण्याची कॉफी पीत होता. शहात्तर वर्षांचा म्हातारा, काही घ्यायचं नसताना रोज येणारा.

"पोरी, फोनकडे काय बघतेस सारखी? कुणी मागणी घालणार आहे का?"

"तुम्ही कॉफी प्या."

"पितोय. आज तर तिसऱ्या पाण्याची वाटते."

रात्रभर तिने कूस बदलली. बुधवारी साडेसहालाच ती फोनपाशी होती. सात वाजले. पेटीवरचा हिरवा दिवा क्षणभर लागून विझला, पण तो येता-जाता लागतोच म्हणून तिने त्याकडे लक्ष दिलं नाही. फोन गप्पच. दुसरी सकाळ.

आता ठरल्याप्रमाणे शेरीफला कळवायचं होतं. पण शेरीफची गाडी तळ्यावर गेली की दुपारपर्यंत गावभर, आणि बहिणीने स्वतः साधा फोनही केला नाही हेही गावभर. हेल्मी पावणेआठपर्यंत खोलीतून दुकानात आणि दुकानातून खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. शेवटी मानापमान चुलीत घातला आणि वाल्फ्रिडचा नंबर फिरवला. तिने पंधरा घंट्या मोजल्या. कुणी उचलला नाही.

नऊ दिवसांनी सापडलेला तो म्हातारा तिला आठवला, आणि तो कसा सापडला होता तेही.

आठला ओन्नी आला तेव्हा ती एका पायात बूट घालून दुसरा शोधत होती.

"दुकान बघा. मी तळ्यावर जातेय."

ओन्नी बघतच राहिला. कामाच्या दिवशी हेल्मी गल्ला सोडून बाहेर पडल्याचं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. "अगं, झालं काय?"

"वाल्फ्रिडच्या घंट्या नाहीत. दोन दिवस."

ओन्नीने कप खाली ठेवला. तो काही बोलणार तेवढ्यात बाहेर एक जुनी गाडी बर्फात घसरत थांबली, दार उघडलं आणि वाल्फ्रिड कांगास आत आला. टोपीवर बर्फ, चेहरा लालभडक, हातात फावडं. अकरा वर्षांत केस पार पांढरे झाले होते. त्याने बहिणीला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, ती उभी आहे याची खात्री केली आणि मग फावडं भिंतीला टेकवलं.

"घंटी का नाही दिलीस?" तो म्हणाला.

"मी? तू नाही दिलीस."

"मी दिली. काल दोन, आज दोन. तुझी एक आलीच नाही. म्हटलं पडलीबिडलीस की काय."

"खोटं बोलू नकोस. मी फोनसमोर उभी होते."

"मी पण."

दोघंही लाल झाली. ओन्नीला जागेवरून हलवेना, तमाशा अर्धा सोडून जाणाऱ्यातला तो नव्हता. हेल्मीची नजर फोनवर गेली, तिथून पेटीवर.

"समोर पेट्रोल पंपावर पैसे टाकायचा फोन आहे," ती म्हणाली. "तिथून दे बरं."

वाल्फ्रिड रस्ता ओलांडून गेला. जाताना तो डावा पाय ओढत होता. हेल्मी आणि ओन्नी काचेतून बघत राहिले. त्याने नाणं टाकलं, नंबर फिरवला, कान लावला. एक बोट वर केलं. दोन बोटं वर केली. फोन ठेवला. दुकानातला फोन वाजलाच नाही. फक्त पेटीवरचा हिरवा दिवा लागला आणि विझला.

वाल्फ्रिड परत आला तो चिडूनच. "आणि माझे पंचवीस सेंट परत आले नाहीत."

"येणार कसे," हेल्मी हळूच म्हणाली. "या पेटीने उचलला. ती आधी उचलते, मग मला वाजवते. तोवर तू ठेवला होतास."

भाऊ जिवंत आहे हे दोन सकाळी तिच्याच गल्ल्यावरच्या पेटीला कळलं होतं, तिला नाही. तिला पेटीचा इतका संताप आला की तिने तार उपटायला हात घातला.

"थांब," वाल्फ्रिड म्हणाला. "हिने वाचतात किती?"

"महिन्याला शहात्तर."

त्याने बोटांवर वर्षाचा हिशेब केला. "मग काढू नकोस."

"आणि घंट्या?"

"मी ठेवणार नाही लगेच. तुझा वाजेपर्यंत थांबेन."

"पण पेटीने उचललं की तुझं मिनिट लागलंच. पूर्ण मिनिटाचे पैसे."

"बोललं नाही तरी?"

"बोललं नाही तरी."

वाल्फ्रिडने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. पूर्ण मिनिटाचे पैसे भरायचे आणि ते मिनिट नुसतं टाकून द्यायचं, या उधळपट्टीला आमच्याकडे शब्द नाही. ओन्नीसुद्धा अस्वस्थ झाला.

"मग बोललेलंच बरं," ओन्नी म्हणाला. "नाहीतर अन्न टाकल्यासारखं होईल ते."

हेल्मीने वाल्फ्रिडला कॉफी दिली, पहिल्या पाण्याची. ती त्याने उभ्यानेच प्यायली, आणि बर्फ वाढायच्या आत जातो म्हणून निघाला.

गुरुवारी सकाळी हेल्मी सातच्या दहा मिनिटं आधीच स्टुलावर बसली. काय बोलायचं ते तिने रात्रीच ठरवलं होतं आणि आता त्यातलं काही आठवत नव्हतं. सात वाजता हिरवा दिवा लागला. मग फोन वाजला. तिने उचलला.

"जिवंत आहे," वाल्फ्रिड म्हणाला.

"ऐकलं."

तारेवर नुसती खरखर.

"दहा सेकंद गेले," तो म्हणाला.

"मोजतोयस?"

"पैसे मी भरतोय."

हेल्मीने तार बोटाला गुंडाळली. "काल पाय ओढत होतास तू."

"गुडघा आहे."

"कधीपासून?"

"तीन हिवाळे झाले. गोठलेल्या तळ्यावर मासे धरताना पडलो. महिना दीड महिना उभंच राहता येत नव्हतं. चुलीपासून बिछान्यापर्यंत रांगायचो."

"आणि घंट्या?"

"दिल्या की. फोन काढून जमिनीवर ठेवला होता. रांगत जायचो."

त्या दीड महिन्यातली एकही सकाळ हेल्मीला वेगळी म्हणून आठवेना. रोज दोन घंट्या आल्या होत्या, तिने रोज एक दिली होती आणि ठीक आहे म्हणून कॉफी ओतली होती. तिला आपलीच लाज वाटली.

"मिनिट होत आलं," वाल्फ्रिड म्हणाला. "ठेवतो."

"ठेवू नकोस," हेल्मी म्हणाली. "होऊ दे मिनिट. आणखी काय काय झालं ते सांग. पहिल्या वर्षापासून सांग."