काकूची चॉकलेटी खोली

आमच्या काकूच्या नाकावर राग कायम बसलेला. पण घरात आलेल्या माणसाला 'आता निघा' म्हणायला तिची जीभ रेटत नाही. सगळा घोळ तिथेच झाला.

धाकटे काका, म्हणजे तिचे दीर, 'चार दिवस राहतो' म्हणून आले आणि मागच्या खोलीत ठाण मांडून बसले. एकटा जीव, बिस्किटांच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण रात्री टक्क जागे आणि दिवसभर पलंगावर या कुशीवरून त्या कुशीवर. ती खोली काकूच्या शिवणाची. शाळेचे गणवेश शिवते ती. आता मशीन स्वयंपाकघरात, ओट्याला खेटून. नव्याकोऱ्या शर्टांना कांद्याचा वास येतो म्हणून शाळेतून तक्रार आली. पुन्हा आली असती तर काम हातचं गेलं असतं.

"तुम्हीच सांगा ना त्यांना," काकू काकांना म्हणाली.

"बघतो," म्हणून काका चप्पल घालून बाहेर पडले. आमच्या घरातल्या पुरुषांना एरवी स्वतःचा रुमाल सापडत नाही, अशा वेळी चप्पल मात्र बरोबर सापडते.

मग काकूनेच डोकं लढवलं. खोली अशी करायची, की माणूस आपणहून कंटाळून जाईल. तिने रंगाऱ्याला बोलावून शेड कार्डावरचा सगळ्यात गडद चॉकलेटी दाखवला.

"बाई, खोली लहान दिसेल."

"दिसू दे."

"अंधार होईल."

"होऊ दे."

"छत तरी पांढरं ठेवू?"

"छत आधी घ्या."

दुसरा हात मारून झाला आणि खोलीकडे बघवेना. भरदुपारी ट्यूब लावल्याशिवाय पलंग दिसत नव्हता. धाकट्या काकांची तपकिरी पँट खिळ्यावरच असायची, पण ती काढायला त्यांना अख्खी भिंत चाचपावी लागायची. काकू खूश. आता बॅग भरणार, याची तिला खात्री.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी धाकटे काका उठेनात. काकूने दारावर थापा मारल्या, तरी नाहीत. ती दार ढकलून आत धावली आणि पलंगाला धाडकन ठेचकाळली, तेव्हा कुठे ते जागे झाले.

"वहिनी," ते म्हणाले, "जन्मभर रात्रपाळी केली हो. दिवसा डोळ्यांवर टॉवेल बांधून पडायचो. आता जरा उजेड दिसला की झोप उडते. आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, तुमच्या आलं." आणि त्यांना रडूच फुटलं.

"त्यात काय एवढं," म्हणत काकू अंगठा चोळत बाहेर आली. मला मात्र दिवसभर बोलून घेतलं. माझा संबंध काय, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी शाळेत गणवेश पोचवून परत आलो, तर दारात धाकटे काका, कोपरापर्यंत चॉकलेटी. उरलेला रंग त्यांनी स्वयंपाकघराला फासला होता. भिंती, खिडकीची चौकट, फडताळ, जवळजवळ काहीच सोडलं नव्हतं.

"तुमच्यासाठी काय करावं सुचेना," ते म्हणाले. "तुमचं मशीन माझ्या खोलीत ठेवलंय, खिडकीपाशी. तिथेच राहू दे. मी आता रात्री झोपतो, दिवसा खोली तुमची."

आता भडका उडणार म्हणून मी दोन पावलं मागे सरकले. काकूने स्वयंपाकघर वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्यांचे रंगलेले हात बघितले.

"भाऊजी," ती म्हणाली, "ओट्याखालच्या कपाटाची दारं राहिली की."